काचेआडचा तंबोरा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घेऊन गेलं की पहिला प्रश्न किमतीचा निघत नाही. कारागीर विचारतो, "पट्टी कुठली?" मी आत्याचा तंबोरा घेऊन गेले होते. आत्या गेल्यावर अकरा वर्षं तो खोळीत गुंडाळून कपाटामागे उभा होता. मी सवयीने सांगितलं, "काळी चार." सतारमेकर चाचांनी खोळ उतरवली, भोपळ्यावर बोटांनी टिचक्या मारल्या, घोडीवर उमटलेली गंजाची रेघ अंगठ्याने पुसून पाहिली आणि विचारलं, "गाणाऱ्या आहेत का अजून?" म्हटलं, नाहीत. "मग आता गाणार कोण ते सांगा, ताई. त्यांची पट्टी लागंल. तारा त्या हिशेबाने घालायच्या."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला तंबोरा फक्त 'चांगला करून' हवा होता. म्हणजे काय, ते मात्र मला सांगता येईना. घरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तो शोभून दिसला असता, पाहुण्यांनी विचारलं असतं, मी आत्याच्या चार आठवणी सांगितल्या असत्या. आपण सांगीतिक वारशाचं म्हणून जे जे करतो, त्यातलं बरंचसं याच जातीचं असतं, हे त्या दिवशी लाकडाच्या भुश्श्यात बसल्याबसल्या लक्षात यायला लागलं.

वस्तुसंग्रहालयात पट्टी कुणी विचारत नाही. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातल्या वाद्यांच्या दालनात मी अनेकदा गेले आहे आणि दर वेळी तिथून जड पायांनी निघाले आहे, दोन कारणांनी. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी 'अज्ञातवासीं'नी, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने वीसेक हजार वस्तू जमवल्या, गावोगाव फिरून, पदरमोड करून. त्यांनी त्या उचलल्या नसत्या तर त्यातली कितीतरी वाद्यं चुलीत गेली असती, म्हणून कृतज्ञता. दुसरं कारण असं की त्या काचेआडच्या वाद्यांना आवाज नाही. दिवा, अडकित्ता, दार, बाहुली या वस्तू नुसत्या पाहूनही बऱ्याच कळतात. तंबोरा पाहून काय कळणार? त्याचं सगळं असणं कंपनात आहे. तारा न चढवलेला तंबोरा म्हणजे भोपळा, दांडी आणि खुंट्या.

हा दोष संग्रहालयाचा नाही, आपल्या अपेक्षेचा आहे. संगीताचा वारसा वस्तूत असतो असं आपण धरून चाललो आहोत, म्हणून तो दाखवायला काच, भिंत, पुतळा आणि कमान लागते. माझं म्हणणं असं की हा वारसा वस्तूंपेक्षा काही सोयींमध्ये असतो. कुणी दिलेली जागा, कुणी मोकळी ठेवलेली रात्र, कुणी शिकलेलं सुतारकाम, कुणी फुकट ऐकू दिलेलं गाणं. यातली एखादी सोय बंद पडली की त्या परंपरेचा एक अवयव निकामी होतो, आणि त्याच्या जागी भिंतीवर कितीही सुंदर चित्र काढलं तरी तो परत चालू होत नाही.

मिरजेचंच घ्या. 'इथल्या मातीतच संगीत आहे' हे वाक्य इथल्या प्रत्येक सत्काराच्या भाषणात येतं. मला ते मुळीच पटत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत ऊस येतो, हळद येते. सतारीचा भोपळासुद्धा या मातीतला नाही, तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. मिरजेत संगीत आलं ते माणसांच्या खटपटीने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांना धार लावणारे, तलवारी करणारे शिकलगार इथे होते. इंग्रजी अमलात हत्यारांची मागणी आटली आणि फरीदसाहेबांसारख्या कारागिराने मोडलेली तंतुवाद्यं दुरुस्त करता करता नवी घडवायला घेतली. पटवर्धन संस्थानिकांनी आश्रय दिला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवू लागले. कुरुंदवाडचा विष्णू दिगंबर पलुसकर नावाचा मुलगा, दारूकामाने डोळे दुखावलेला, मिरजेला आला तो औषधपाण्यासाठी. डॉ. भडभड्यांनी त्याला गाणं शिकायचा सल्ला दिला आणि तो बाळकृष्णबुवांकडे राहिला. त्याच मुलाने पुढे 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वॉनलेस साहेबांचं मिशन इस्पितळ आलं, रेल्वेचं जंक्शन झालं. दवाखान्याचं गाव आणि गाण्याचं गाव एकच असावं हा योगायोग मला मातीच्या गुणापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. दुखणाईत माणूस मुक्काम करतो, आणि मुक्कामाशिवाय गाणं शिकता येत नाही.

किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँ तर उत्तरेतल्या कैरान्याचे. जन्म 1872 चा. आरोग्य, आश्रय आणि मीरासाहेबांवरची श्रद्धा यांनी त्यांना मिरजेला बांधून ठेवलं. 1937 साली दक्षिणेत, पाँडेचेरीच्या वाटेवर, सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या छोट्या स्टेशनावर ते उतरले आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दर वर्षी उरुसात तिथे गाण्याची सभा भरते. चिंचेचं झाड, समोर सतरंज्या. गाणारे देशभरातून येतात आणि ती हजेरी असते, कार्यक्रम नव्हे. हजेरी या शब्दातच हिशेब स्पष्ट आहे. आलो, पायाशी बसलो, गायलो. ऐकायला तिकीट नाही. उरुसाचा पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही अशीच संगीत सभा होते आणि ऐकणारे बरेचसे तेच असतात.

मी या सभेला आपल्याकडचं उत्तम संगीत संग्रहालय म्हणते. तिथे एकही वस्तू मांडलेली नाही, पण थोर गवयाच्या कबरीजवळ, त्याच्याच घराण्याचा पाचव्या पिढीचा पोरगा घाबरत घाबरत षड्ज लावतो आणि पुढच्या रांगेतला म्हातारा सतारमेकर मान हलवतो की हलवत नाही, हे सगळं गाव पाहतं. परंपरेची परीक्षा एवढ्या जवळून घेणारं दालन कुठल्या शहरात बांधता येईल?

इथे सावध राहायला हवं, कारण हे लिहिताना 'सलोख्याचं प्रतीक' हा शब्दप्रयोग पेनातून आपसूक ओघळायला लागतो. याच मिरजेत सप्टेंबर 2009 मध्ये गणेशोत्सवाच्या एका स्वागत कमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून दंगल पेटली आणि संचारबंदी लागली. चिंचेखाली ऐकलेल्या तीन रात्रींच्या गाण्याने ती अडवली नाही. संगीत माणसांना आपोआप शहाणं करतं असं मानणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावं. पण पुढच्या उरुसाला सतरंज्या पुन्हा पसरल्या गेल्या, हेही तितकंच खरं. सलोखा ही वर्षातून एकदा उतरवून पुसायची तसबीर नाही, तो चालू ठेवायचा व्यवहार आहे. सभेचं काम तेवढंच आणि ते लहान नाही.

चित्रांचं निघालंच आहे तर भिंतींविषयी. हल्ली प्रत्येक नगरपालिकेला सुशोभीकरणाचा निधी मिळतो आणि पुलाच्या खांबांवर गायक, वादक, सूर, मोरपीस अवतरतात. एका गावात अशा खांबावर मी तंबोरा पाहिला. रंग झकास, छायाप्रकाश झकास, आणि दांडीवर ओळीने पडदे काढलेले. तंबोऱ्याला पडदे नसतात, पडदे सतारीला. चित्रकार पोरगा होता, शिडीवर चढून दुसरा खांब रंगवत होता. मी हाक मारून सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, फोटोत असंच होतं." त्याला कसला दोष द्यायचा? त्याने आयुष्यात तंबोरा जवळून पाहिलेला नव्हता, आणि जिथे तंबोरे होतात ती गल्ली तिथून एसटीच्या दोन तासांवर. चित्राच्या कंत्राटात कारागिराकडे एक दिवस बसण्याचे पैसे धरले असते तर खांबही बरा झाला असता आणि पोराला एक गोष्ट कळली असती. भित्तिचित्राला माझा विरोध नाही. एखादं पोर त्या खांबापाशी थांबून विचारतं, हे काय आहे? पण त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आसपास वाद्य, वाजवणारा आणि शिकवणारा नसेल तर ते चित्र म्हणजे पत्ता नसलेली पाटी.

जागांची गोष्ट अधिक खोल आहे, कारण गाण्याचा आकार जागा ठरवते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबाग मैदानाशेजारी पॅलेस थिएटर बांधलं ते 1915 च्या सुमाराचं. पुढे त्याला केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. म्हणजे इमारतच ध्वनिक्षेपक. लाकूड, छप्पर, उंची, सगळं मिळून नटाचा आवाज शेवटच्या रांगेत पोचवायचं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं. कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. नंतर सगळीकडून एकच मागणी आली, होतं तसं बांधा. मागणी रास्त आहे. फक्त 'होतं तसं' याचा अर्थ दर्शनी कमानी आणि रंग एवढाच राहिला, आत आवाज कसा फिरत होता हे ऐकून ठेवलेल्या जुन्या नटांना, तंत्रज्ञांना कुणी विचारलंच नाही, तर आपण नाट्यगृहाचं भित्तिचित्र उभं करू.

जागा कुणाला गाऊ देते हाही प्रश्न असतो. हिराबाई बडोदेकर मिरजेत जन्मल्या, 1905 साली. त्याच वर्षी बालगंधर्व मिरजेत पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले. पुरुष स्त्री होऊन गायला की अख्खा महाराष्ट्र लुब्ध होत होता, आणि खरी बाई गाणार म्हटलं की कोठी, माडी किंवा एखाद्या धनिकाची खासगी बैठक. हिराबाईंनी तिकीट लावून नाट्यगृहात जाहीर जलसे केले, बसून, डोक्यावर पदर घेऊन, बिनाअदा. त्यांची ही सर्वांत मोठी रचना होती असं मला वाटतं. त्यांनी बाईच्या गाण्याला जागा मिळवून दिली. त्यांची आई ताराबाई माने, बडोद्याच्या दरबारातून अब्दुल करीम खाँसाहेबांबरोबर निघून आलेली आणि पुढे मुलं घेऊन त्यांच्यापासून वेगळी झालेली. अब्दुल रहमानचा सुरेशबाबू माने झाला आणि चंपाकलीची हिराबाई झाली ती त्यानंतर. किराणा घराण्याची महाराष्ट्रातली निम्मी कहाणी या बाईच्या घरात घडली. खाँसाहेबांची कबर आहे, उरुसातली सभा आहे. ताराबाईंची खूण मला कुठल्या कमानीवर, कुठल्या खांबावर दिसलेली नाही. स्मारक करताना आपण गाणारा तेवढा उचलतो, घर चालवणारी मागे राहते.

आणि सरहद्दही मध्ये येते. मल्लिकार्जुन मन्सूर हिंदुस्थानी गाणं पहिल्यांदा शिकले ते मिरजेच्या नीलकंठबुवांकडे, मग कोल्हापूर दरबारच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांच्याकडे. त्यांचं घर धारवाडला, 'मृत्युंजय', आता स्मारक आहे. गंगूबाई हनगल हुबळीच्या. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ, कुंदगोळचे, त्यांनी नाव कमावलं मराठी रंगभूमीवर. कोल्हापूर, मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी, कुंदगोळ हा एका रेल्वेच्या दिवसात फिरून येण्याजोगा पट्टा. गवय्ये त्यात असे वावरले की त्यांची मातृभाषा कानडी की मराठी हा प्रश्न बैठकीत कुणाला सुचलाही नसता. पण पर्यटनाची पत्रकं दोन राज्यांची. एकाचं पत्रक मिरजेला संपतं, दुसऱ्याचं बेळगावच्या अलीकडे सुरूच होत नाही. प्रांताचा सांगीतिक वारसा म्हणताना प्रांत कुठला हे आधी ठरवा. गाण्याचा प्रांत नकाशावरच्या रेषेआधीचा आहे.

कुंदगोळला नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ गाणं होतं. वाडा, ओसरी, जमिनीवर बसलेले लोक. पुण्यात भीमसेन जोशींनी 1953 साली गुरूच्या नावाने महोत्सव सुरू केला, तो वाढत वाढत मांडवाएवढा, मग मैदानाएवढा झाला. त्याच्या वाढीविषयी नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. हजारो माणसं विलंबित ख्याल ऐकायला थंडीत बसतात हे जगात किती ठिकाणी दिसतं? मात्र त्या महोत्सवातून एक गोष्ट गेली, आणि ती आयोजकांनी घालवली नाही. रात्र गेली. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद केला. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, पुढे नाही. एके काळी शेवटची रात्र पहाटेत विरघळायची, भीमसेन गायचे आणि अखेर सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका लागायची. आता दरबारी घाईत, ललित आणि भटियार जवळजवळ हद्दपार. एक फायदा झाला तो नमूद करते. सभा दुपारी सुरू व्हायला लागल्यापासून मुलतानी आणि भीमपलासला चांगले दिवस आले. पण रागाचा प्रहर हा जर आपल्या संगीताचा अभिमानाचा विषय असेल, तर आठ प्रहरांपैकी जवळजवळ तीन आपण कुलूप लावून ठेवले आहेत. आजारी माणसाची झोप मोलाची आहे, नियम हवाच. मला खुपतं ते हे की मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे तोच नियम मवाळ होतो आणि तंबोऱ्यापुढे कडक.

म्हणून मोठ्या महोत्सवापेक्षा मला लहान, नियमित बैठकीची काळजी जास्त वाटते. कोल्हापूरचा देवल क्लब 1883 पासून चालला तो कुणा एका थोर गवयाच्या जोरावर नव्हे. व्यापारी, वकील, मास्तर, कारकून ठरल्या दिवशी जमायचे, पान खायचे, ऐकायचे, नावं ठेवायचे, पुन्हा यायचे. बंद खोलीत पन्नास माणसांना ध्वनिक्षेपक लागत नाही, म्हणजे दहाचा नियमही आड येत नाही. अशी खोली फार खर्चाची नसते. तिला प्रायोजकाचा फलक लावायला जागा नसते, एवढीच तिची अडचण. सरकारी निधी उद्घाटन करता येईल अशा गोष्टींकडे वाहतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारचं उद्घाटन कोण करणार?

2024 च्या मार्चअखेर मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीत पेढे वाटले गेले आणि ते योग्यच. आता दुसऱ्या गावच्या वाद्याला मिरजेचं नाव लावून विकता येणार नाही. पण मानांकनाने नावाचं रक्षण होतं. घोडी घासून जवारी काढणारा कान त्याने तयार होत नाही. नावाला आज दुसऱ्या गावच्या वाद्याचा धोका जेवढा, त्याहून मोठा धोका मोबाईलमधल्या तंबोऱ्याचा आहे. तो फुकट आहे, फुटत नाही, एसटीच्या टपावर टाकावा लागत नाही. विद्यार्थ्याने तो वापरला तर मी त्याला बोल लावणार नाही. मात्र त्याची जवारी कुणालाच काढावी लागत नाही, आणि त्या कामाबरोबर ते ऐकणंही जातं.

ते काम मी दीड तास पाहिलं. चाचांनी जुन्या तारा काढल्या, घोडी उलटसुलट केली, नव्या तारा चढवल्या. मग कानस. घोडीच्या पाठीवर दोनदा, तीनदा, केस कापावा इतपत. तार छेडली, कान भोपळ्याशी नेला. सुताचा बारीक तुकडा तारेखाली सरकवला आणि नखाने मागेपुढे करत राहिले. एका जागी तार नुसती टणत्कारते. गहूभर पुढे सरकलं की तिच्यातून दुसरा, तिसरा स्वर फुटायला लागतो, जणू एकाच तारेच्या आत कुणी दार उघडलं. कानस एकदा जास्त बसली तर ते दार कायमचं मोडतं. बाहेरून मोटारसायकल हॉर्न वाजवत गेली. चाचा थांबले. पलीकडच्या दुकानात लाकूड तासायचं यंत्र सुरू झालं, त्यांनी पोराला पाठवून ते बंद करवलं. माथ्यावरचा पंखाही बंद केला. एप्रिल होता. घाम गळत होता, पण शांतता लागत होती आणि ती तिथे मागून मिळत होती.

पण हे सगळं झालं ते पट्टी ठरल्यावर. आधी मी बहिणीच्या मुलीला फोन लावला. ती कोल्हापुरात शिकते, कॉलेजच्या स्पर्धांत गाते, साथीला मोबाईलवरचा तंबोरा. म्हटलं, तुझी पट्टी काय? "काय माहीत, मावशी, ॲपवर बोटाने वरखाली करते, बरं वाटतं तिथे थांबते." चाचांनी हात पुढे करून फोन मागितला. स्पीकर लावला, घोडीशेजारी ठेवला आणि म्हणाले, "बेटा, सा लावा. निवांत."

पलीकडे बसस्टँड असावं, कर्कश हॉर्न ऐकू आले. मग तिचा सा आला, थोडा वर, मग घसरत खाली, मग एका जागी टेकला. चाचांनी डोळे मिटले होते. "अजून एकदा." तिने पुन्हा लावला, या वेळी लांबवला.

"काळी तीन," ते म्हणाले, आणि तारेचं वेटोळं शोधायला उठले.